अँटीरियर सेगमेंट ओसीटी: काही महिने रोज वापरल्यावर

आमच्याकडचं ओसीटी, म्हणजे प्रकाशाने डोळ्याच्या थरांचे काप दाखवणारं मशिन, मुळात मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) तपासणीसाठी घेतलेलं. नंतर त्याला डोळ्याच्या पुढच्या भागाची जोडलेन्स घेतली आणि तेव्हापासून अँगल (कॉर्निया आणि आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत भाग, यांच्यामधला कोपरा; डोळ्यातलं पाणी इथून बाहेर जातं, तो मिटला की प्रेशर वाढतं) अरुंद वाटणारा जवळपास प्रत्येक पेशंट त्याच्यासमोर बसतोय. ही लेन्स घ्यावी का, असं बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मशिनचं नाव मुद्दाम देत नाही. ८४० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशावर चालणाऱ्या बहुतेक स्पेक्ट्रल मशिनांना यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी जमेची बाजू. गोनिओ, म्हणजे डोळ्यावर आरशाची लेन्स टेकवून अँगल बघायची तपासणी, करताना झोत जरासा जरी बाहुलीत गेला की बाहुली आकसते, आयरिस ताणली जाते आणि मिटलेला अँगल उघडा दिसतो. लेन्सचा दाब पडला तर आणखीच उघडतो. ओसीटीचा प्रकाश इन्फ्रारेड, डोळ्याला स्पर्श नाही, बधिर करायचे थेंब नकोत. त्यामुळे अंधारात अँगलचं नेमकं काय होतं ते बघता येतं. पण अंधार खरा हवा. आमच्या खोलीत दाराच्या फटीतून उजेड यायचा, शिवाय मॉनिटरचा उजेड थेट पेशंटच्या तोंडावर. दाराला काळा पडदा लावला, मॉनिटर फिरवला, तेव्हा कुठे एकाच डोळ्याची दोन वेळची मापं जुळायला लागली.

एका आजींना असं बसवलं तर म्हणाल्या, "लाइट गेली व्हय डॉक्टर?" म्हटलं, मीच घालवलीय आजी, त्या ठिपक्याकडं बघत ऱ्हावा. उजेडात त्यांचा कानाकडचा अँगल बारीक फटीएवढा उघडा होता. अंधारात आयरिसची कड गोळा होऊन थेट ट्रॅबेक्युलर मेशवर्कला, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या जाळीला, टेकली. प्रेशर आधीच वाढलेलं, संध्याकाळचं डोकं धरायचं, आणि गोनिओतही तेच दिसलं होतं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून मुलाला दाखवली. लेसर (आयरिसला बारीक भोक पाडून पाण्याला वाट करून देणारा) कशासाठी, हे त्यानंतर फार समजावावं लागलं नाही. या एका कामासाठी मी जोडलेन्सला पैकीच्या पैकी मार्क देईन.

आता मोजमापाचं. एओडी ५००, टीसा वगैरे अँगल किती उघडा ते सांगणारे आकडे रिपोर्टवर रुबाबदार दिसतात, पण ते सगळे स्क्लेरल स्परवर (स्क्लेराचा, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या कवचाचा, मेशवर्कलगतचा बारीक उंचवटा) उभे असतात. स्परची खूण आपण जिथे ठेवू तिथून ५०० मायक्रॉन मोजले जातात, आणि ८४० ची लाइट स्क्लेरात फारशी शिरत नसल्याने स्पर कित्येकदा धुरकट दिसतो. खूण थोडी सरकली की आकडा बदललाच. श्वाल्बे लाइन (मेशवर्क आणि कॉर्निया यांची सीमारेषा) या मशिनवर त्यामानाने स्वच्छ दिसते, म्हणून काही जण तिथून मोजतात. मी आकड्यांपेक्षा टेकलंय की नाही एवढंच बघतो. वरचा अँगल सहसा सगळ्यात अरुंद, आणि नेमका तोच पापणीखाली झाकलेला. पापणी उचलताना बोटाचा भार डोळ्यावर आला की चित्र वाया.

पुढच्या कप्प्याची, म्हणजे कॉर्निया आणि डोळ्याचं भिंग यांच्यामधल्या जागेची, खोली मोजायची असेल तर ही जोडलेन्स विसरा. आमच्या मशिनच्या एका फ्रेममध्ये अख्खा कप्पा मावतच नाही, एकेक कोपरा वेगळा घ्यावा लागतो. त्यासाठी १३१० नॅनोमीटरची स्वेप्ट सोर्स मशिनं लागतात. त्यांत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सगळं एकाच कापात येतं, डोळ्याचं भिंग किती पुढे आलंय तेही मोजता येतं. आम्ही खोली ऑप्टिकल बायोमीटरवर (प्रकाशाने डोळ्यातली अंतरं मोजणाऱ्या मशिनवर) घेतो. तिथे एक गोष्ट नवीन टेक्निशियनला पहिल्याच दिवशी सांगावी. बरेच बायोमीटर कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागापासून मोजतात, आयसीएलसाठी (चष्मा घालवायला डोळ्यात बसवायच्या लेन्ससाठी) मात्र एंडोथेलियमपासूनची, म्हणजे कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या थरापासूनची, खोली लागते. कॉर्निया साधारण अर्धा मिलिमीटर जाड. म्हणजे ३.२ वाचून खूश झालेल्या पोराची खरी खोली २.७ निघते, आणि आयसीएलला निदान २.८ तरी हवी असते, अमेरिकेत तर ३.० धरतात.

माझी खरी कुरकुर मशिनबद्दल नाहीच, ते ज्या मोहात पाडतं त्याबद्दल आहे. ओसीटीवर अँगल मिटलेले डोळे गोनिओपेक्षा जास्त सापडतात, आणि स्क्रीनवर मिटलेला अँगल दिसला की हात लेसरकडे जातो. चीनमधल्या ग्वांगझौचा झॅप अभ्यास २०१९ मध्ये आला. नुसता संशयित (अरुंद, पण अजून काही न बिघडलेला) अँगल असलेले ८८९ जण, प्रत्येकाच्या एकाच डोळ्याला लेसर, सहा वर्षं पाठपुरावा. लेसर केलेल्यांपैकी १९ डोळ्यांचं पुढे बिघडलं, न केलेल्यांपैकी ३६ चं. फरक जवळजवळ दुपटीचा, पण मुळात आकडाच लहान. त्यामुळे प्रेशर ठीक, नस ठीक, गोनिओत चिकटलेलं काही नाही, अशा पेशंटला मी चित्र फाइलला लावून नियमित बोलावतो. गावाकडून परत येणं ज्याला जमणार नाही, त्याचा विचार वेगळा, तिथे लेसर लवकर करतो.

गोनिओ सुटत नाही ते नाहीच. अँगल नुसता टेकलाय की कायमचा चिकटलाय, हे दाब देऊनच कळतं. रंगद्रव्य, नवीन रक्तवाहिन्या यातलं काही ओसीटीवर ओळखू येत नाही. आयरिसच्या मागचा रंगाचा थर प्रकाश अडवतो, म्हणून तिच्यामागची, डोळ्यातलं पाणी तयार करणारी सिलियरी बॉडीही दिसत नाही. प्लॅटो आयरिसची (सिलियरी बॉडी आयरिसची कड मागून पुढे ढकलते तो प्रकार) शंका आली तर पेशंटला यूबीएमसाठी (डोळ्याच्या पुढच्या भागाच्या बारीक सोनोग्राफीसाठी) शहरात पाठवावंच लागतं.

सॉफ्टवेअरची एक खोड. स्कॅनचा प्रकार चुकीचा निवडला तर कॉर्नियातून वाकलेल्या किरणांची दुरुस्ती होत नाही, तरीही मोजपट्टी बिनदिक्कत मायक्रॉन दाखवते. ते मायक्रॉन काही कामाचे नाहीत.

घेणार असाल तर डेमो स्वतःच्या पेशंटवर मागा. कंपनीचा माणूस आपल्याबरोबरच्या तरुण मुलाचा डोळा दाखवतो, तो कुठल्याही मशिनवर सुरेखच दिसतो. सत्तरीचे, पापणी ओघळलेले, नजर एका जागी न ठरणारे आजोबा बसवा, दिवे घालवा आणि त्यांचा वरचा अँगल काढून दाखवायला सांगा.