फुजीच्या दोन १६ एमएम लेन्स: वर्षभर वापरल्यावर
एकाच फोकल लेंग्थच्या, म्हणजे सारखाच रुंद परिसर टिपणाऱ्या, दोन लेन्स घरात कशाला, हा बायकोचा प्रश्न रास्तच आहे. फुजीची १६ एमएम एफ/१.४ आधी सेकंडहँड घेतली, मग तिच्या वजनाला कंटाळून एफ/२.८ आणली. (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते आणि जास्त प्रकाश घेते.) वर्षभर दोन्ही वापरून एक विकायची असं ठरलं होतं. अजून एकही विकलेली नाही.

कॅमेरा एक्स-टी३. त्याचा सेन्सर लहान, त्यामुळे फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशेबाने दोन्ही लेन्स २४ एमएमच्या.

मोठी (एफ/१.४) ३७५ ग्रॅम, धाकटी (एफ/२.८) १५५. हा फरक कागदावर कळत नाही, दिवे घाट चढताना कळतो. माउलींच्या पालखीबरोबर सासवडपर्यंत धाकटी लावून चाललो. भुरभुर चालू होती, पण दोन्ही लेन्सना आणि कॅमेऱ्यालाही पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून सीलिंग असल्याने त्याची चिंता नव्हती. पुढच्या काचेवरचे थेंब तेवढे सारखे पुसावे लागतात. या लेन्सने माणूस टिपायचा तर अगदी जवळ जावं लागतं. डोक्यावर तुळस घेतलेल्या एक मावशी हातभर अंतरावर होत्या. एवढीशी लेन्स त्यांच्या खिजगणतीतही नव्हती. "पाय तुडवशील रे बाबा, बाजूनं चाल," एवढंच म्हणाल्या. मोठी लेन्स समोर धरली की लोक पदर, टोपी सावरतात.

धाकटीची खोड म्हणजे सरळ रेषा. त्या ती वाकवते आणि सॉफ्टवेअर सरळ करतं. जेपेगमध्ये पत्ताही लागत नाही, पण करेक्शन बंद करून रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल उघडली की वाड्याची चौकट फुगलेली दिसते. मोठीत हा त्रास फारच कमी. जवळात जवळचा फोकस मोठीचा १५, धाकटीचा १७ सेंटिमीटर. त्यावरून कोणी निवड करू नये.

जूनच्या सुरुवातीला पुरुषवाडीला काजवे बघायला गेलो, तेव्हा धाकटी पिशवीतच राहिली. मोठी दोन स्टॉप, म्हणजे चौपट, जास्त प्रकाश घेते: तिच्यावर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० ला जे जमतं, त्याला धाकटीवर ६४०० लागतो. पण मला त्याहून उपयोगी पडली ती मोठीची फोकस रिंग. ती कॅमेऱ्याकडे ओढली की फोकस मॅन्युअल, म्हणजे हाताने करायचा, आणि अंतराचे आकडे उघडे पडतात. काळोखात ऑटोफोकस चाचपडतो, आणि काजव्यांसमोर टॉर्च मारायचा नसतो. म्हणून उजेड असतानाच समोरच्या झाडावर फोकस लावला आणि रात्रभर रिंगला हात लावला नाही. ताऱ्यांसाठी मात्र एफ/२ वर आणतो, १.४ ला कोपऱ्यातले तारे पसरतात.

हीच रिंग घरी आल्यावर नडली. ओढलेलीच राहिली होती, आणि भाचीच्या बारशाचे पहिले वीसेक फोटो धूसर आले. चूक माझीच. आता पिशवीत टाकण्याआधी रिंग पुढे ढकलतो.

रात्रीचं काम नसेल तर धाकटी घ्या, डोळे मिटून. मोठी सेकंडहँड घेणार असाल तर मागून टॉर्च मारून आत बुरशी आहे का बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात चार महिने बंद पिशवीत पडलेली लेन्स बुरशी सहज धरते. माझ्या दोन्ही सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात असतात, आणि तो डबा मूळचा पापडांचा आहे.