मेलोफोन, बॅरिटोन, कॉन्ट्रा : ड्रम कॉर्प्समधील दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरपासून ऑगस्टअखेरपर्यंत मी पूर्व पेनसिल्व्हेनियातील एका सर्ववयीन ड्रम कॉर्प्समध्ये लागोपाठ तीन वाद्ये वाजवली. आधी मेलोफोन (मैदानावर फ्रेंच हॉर्नची जागा घेणारे वाद्य), मग बॅरिटोन (ट्रंपेटपेक्षा एक सप्तक खालचे) आणि उन्हाळाभर कॉन्ट्रा (खांद्यावरचा ट्यूबा). ही बढती नव्हती. जिथे माणूस कमी पडला तिथे मला हलवण्यात आले, इतकेच. नाशिकला शाळेच्या बँडमध्ये मी ट्रंपेट वाजवत असे आणि त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे एकही पितळी वाद्य ओठाला लावले नव्हते. त्यामुळे हा अनुभव एखाद्या कसलेल्या वादकाचा नसून, चाळिशी ओलांडल्यावर शनिवार-रविवारच्या सरावाला जाणाऱ्या बाईचा आहे, हे लक्षात ठेवून तो वाचावा.

ड्रम कॉर्प्समध्ये क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांना जागा नसते. पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि झेंडे फिरवणारा ताफा अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर सतत जागा बदलत दहा-बारा मिनिटांचा कार्यक्रम सादर करतो आणि प्रेक्षक एकाच बाजूला उंचावर बसलेले असतात. म्हणून इथल्या प्रत्येक पितळी वाद्याचा भोंगा समोर रोखलेला असतो. सभागृहातील ट्यूबा आकाशाकडे पाहतो आणि फ्रेंच हॉर्न मागच्या भिंतीकडे, पण उघड्या मैदानावर मागे भिंतच नसल्यामुळे तो आवाज परत येत नाही.

मेलोफोनबद्दल मला आधीच सावध करण्यात आले होते. त्याचा सूर कुठेच बसत नाही आणि आवाज फाटका येतो, अशी त्याची ख्याती आहे. पहिले दोन महिने मलाही तसेच वाटले. ऑनलाइन घेतलेल्या माझ्या जुन्या मेलोफोनचा दुसरा व्हॉल्व्ह, म्हणजे स्वर बदलण्यासाठी बोटाने दाबायची कळ, थंडीत अडकत असे. विकणाऱ्याने 'उत्तम स्थितीत' असे लिहिले होते आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता. तो दुरुस्त केल्यावर लक्षात आले की खरी चूक माउथपीसची, म्हणजे ओठांना लावायच्या वाटीची, होती. मेलोफोनला ट्रंपेटचे माउथपीस बसते, म्हणून मी माझे जुनेच वापरत होते आणि त्यामुळे ऐकणाऱ्याला ते आजारी ट्रंपेटासारखे वाटत होते. खोल वाटीचे, मेलोफोनसाठीच घडवलेले माउथपीस लावल्यावर आवाज गोल झाला. फ्रेंच हॉर्न वाजवणारे काही जण जोडनळी लावून आपले माउथपीस इथे वापरतात; तो प्रयोगही मी दोन आठवडे केला, आणि त्यात सूर आणखी घसरतो असे माझे स्पष्ट मत झाले.

तरीही फ्रेंच हॉर्नऐवजी मैदानावर मेलोफोनच का, हे वापरल्यावरच कळते. दोन्ही एफ पट्टीची, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी चार. मात्र हॉर्नची नळी सुमारे ३.७ मीटर आणि मेलोफोनची जवळपास त्याच्या निम्मी. लांब नळीत, वरच्या भागात नैसर्गिक स्वर (बोटे न हलवता केवळ ओठांनी बदलणारे) एकमेकांच्या इतके जवळ येतात की ओठ किंचित ढळला तरी शेजारचा स्वर लागतो. खुर्चीवर बसून ते सांभाळता येते, पण वेगाने मागे चालत असताना प्रत्येक पाऊल दातांपर्यंत पोहोचते. मेलोफोनमध्ये हे स्वर ट्रंपेटइतके दूर दूर असतात आणि बोटेही ट्रंपेटचीच. डीसीआय (ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनल) या मुख्य संघटनेने २०१४ पासून फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन आणि सूझाफोन यांना परवानगी दिली आहे, तरी धावत्या रांगेत मेलोफोन अजून टिकून आहे.

मेलोफोनचा खरा त्रास मनगटाला होतो. घरच्या काट्यावर माझे वाद्य दीड किलोच्या थोडे पुढे भरले, पण त्याचा रुंद भोंगा हातांपासून बराच पुढे असतो आणि 'हॉर्न्स अप'चा इशारा झाला की तो जमिनीला समांतर, तोही न डगमगता, धरून ठेवावा लागतो. दुकानात बसून चार स्वर वाजवून हे वाद्य पसंत करू नये. ते दहा मिनिटे उचलून धरावे, आणि मग डावा हात काय म्हणतो ते ऐकावे.

बॅरिटोन मार्चमध्ये हाती आला. त्याचे वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे मेलोफोनपेक्षा बरेच जास्त, आणि तरीही खांदा कमी दुखला. कारण व्हॉल्व्ह आणि वळणे शरीराच्या जवळ असल्याने भार हातांवर नीट वाटला जातो. बी फ्लॅटची, म्हणजे काळी पाचची, सुमारे पावणेतीन मीटरची नळी असते, लांबीला ट्रॉम्बोनइतकीच. ट्रंपेटवाल्याला लिपी आणि बोटे ओळखीची असतात, फक्त सर्व काही एक सप्तक खाली ऐकू येते. अडचण येते ती ओठांची. ट्रंपेटच्या माउथपीसचा आतला व्यास सोळा-सतरा मिलिमीटर असतो, इथे तो पंचवीसच्या घरात जातो, आणि पहिले तीन आठवडे माझा श्वास प्रत्येक ओळीच्या मध्येच संपत होता. शेजारच्या वादकाचे युफोनियमही मी अनेकदा वाजवून पाहिले. नळी अधिक रुंद, आवाज मखमली, पण वजन साडेतीन किलोच्या पुढे. आणि जलद तोडे मात्र बॅरिटोनवर अधिक स्वच्छ उमटतात.

एका ज्येष्ठ सभासदाने मला आपले जी पट्टीचे, म्हणजे पांढरी पाचचे, दोन व्हॉल्व्हचे सोप्रानो ब्यूगल काही दिवस वापरायला दिले होते. एकेकाळी सगळे कॉर्प्स याच पट्टीत वाजवत. डीसीआयने दोन उभ्या व्हॉल्व्हना १९७७ मध्ये, तिसऱ्याला १९९० मध्ये आणि कोणत्याही पट्टीच्या वाद्यांना २००० च्या हंगामापासून मान्यता दिली. दोनच व्हॉल्व्ह असल्याने खालच्या भागातले काही स्वर या ब्यूगलवर मिळतच नाहीत. पण जे मिळतात ते असे धीट आणि खरखरीत की ट्रंपेट त्यापुढे फार सुसंस्कृत वाटतो. माजी सभासदांचे काही कॉर्प्स आजही ती वापरतात. नव्या माणसाने मात्र केवळ स्वस्त म्हणून जी पट्टीचे ब्यूगल विकत घेऊ नये, कारण बाकीची रांग बी फ्लॅट आणि एफमध्ये असते. शिवाय अशी ब्यूगले घडवणारा कॅलिफोर्नियातील कान्स्टुल हा नामांकित कारखाना २०१९ मध्ये बंद झाला, त्यामुळे सुटे भाग जुन्या वाद्यांतूनच काढावे लागतात.

आता कॉन्ट्रा. हा खांद्यावर आडवा ठेवलेला ट्यूबा; आमच्या कॉर्प्सचा साडेअकरा किलोंचा होता. पुण्यातील पथकात मी दोन वर्षे ढोल वाजवला असल्यामुळे वजनाची भीती वाटली नाही, आणि तिथेच माझी फसगत झाली. ढोल कमरेला बांधलेला असतो, भार दोन्ही पायांवर उतरतो. कॉन्ट्रा एकट्या डाव्या खांद्यावर बसतो आणि त्या बाजूचे सगळे दृश्य झाकून टाकतो. डावीकडचा सहकारी किती अंतरावर आहे हे पाहून कळत नाही, पावले मोजूनच ठरवावे लागते. खांद्याखाली दुमडलेला पंचा ठेवण्याचा उपाय मी शेवटपर्यंत सोडला नाही. जुलैच्या उन्हात पितळ इतके तापते की हातमोज्यांशिवाय ते धरवत नाही.

त्या उन्हाचा सुरावरही परिणाम होतो. नळीतील हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि दर अंश सेल्सिअसला सूर सुमारे तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो, म्हणून दुपारी लावलेली स्लाइड, म्हणजे सूर जुळवण्याची सरकती नळी, रात्रीच्या कार्यक्रमात चालत नाही. मैदानाची खोली जवळपास ४९ मीटर आहे; तेवढे अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा सातवा भाग लागतो. मागे उभ्या असलेल्या कॉन्ट्राने पुढच्या ट्रंपेटांना ऐकून ताल धरला, तर प्रेक्षकांपर्यंत तो दुप्पट उशिरा पोहोचतो. कान बंद ठेवून ड्रम मेजरच्या, म्हणजे समोरून ताल देणाऱ्याच्या, हातांकडे पाहत वाजवणे ही या वाद्याची सर्वांत कठीण अट आहे, आणि ती मला ऑगस्टपर्यंतही पूर्ण साधली नाही. मात्र सर्व कॉन्ट्रा एकत्र खालचा स्वर धरतात तेव्हा बरगड्यांत जो कंप उठतो, तो मेलोफोनच्या रांगेत मला कधी मिळाला नाही.

कॉन्ट्रा सहसा कॉर्प्सच पुरवते, त्यामुळे खरेदीचा प्रश्न उरतो तो लहान वाद्यांचा. काही कॉर्प्स हंगाम संपल्यावर आपली वाद्ये विकतात. तिथे पोचे फारसे मनावर घेऊ नयेत. माउथपीसजवळच्या नळीवर गुलाबी ठिपके मात्र जरूर शोधावेत, कारण तिथले जस्त निघून जाऊन पितळ आतून पोखरलेले असते. मला स्वतःला विचाराल तर मेलोफोनचा आवाज मैदानावर सर्वांत देखणा आहे, आणि तरीही मी बॅरिटोन घेणार आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या सरावाला रांगेत माझी जागा कोणती, हे अजून कळवलेले नाही. कॉन्ट्रासाठी पंचा मी धुऊन ठेवला आहे.