गांधीलमाश्यांचे पोळे: राहू द्यावे, स्वतः काढावे की जाणकाराला बोलवावे?

घराच्या वळचणीला किंवा कुंपणाच्या कडेला गांधीलमाश्यांचे पोळे दिसले की बहुतेकांचा हात आधी कीटकनाशकाच्या डब्याकडे जातो. खरे तर कोणता उपाय लागू पडेल, हे पोळे कोणाचे आहे आणि ते उघड्यावर आहे की आत दडलेले आहे, या दोन गोष्टींवर ठरते. त्यामुळे उपाय निवडण्याआधी ५ ते ६ मीटर अंतरावर उभे राहून थोडा वेळ नुसते निरीक्षण करावे.

करड्या कागदासारखे, एका बारीक देठाला लटकलेले आणि खालून षट्कोनी घरे उघडी दिसणारे पोळे साध्या कागदी गांधीलमाश्यांचे असते. उडताना त्यांचे लांब पाय खाली लोंबतात, एका पोळ्यावर बहुधा काही डझन माश्या असतात आणि पोळ्याला धक्का लागेपर्यंत त्या सहसा कोणाच्या वाटेला जात नाहीत. यलो जॅकेट नावाच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या आखूड माश्यांचे प्रकरण मात्र वेगळे आहे. त्यांच्या पोळ्याचे मजले कागदी वेष्टनात झाकलेले असतात, आत जायला एकच लहान तोंड असते, आणि ते बहुतेकदा उंदराच्या जुन्या बिळात किंवा भिंतीच्या पोकळीत असल्यामुळे बाहेरून फक्त ये-जा दिसते. हंगामाच्या अखेरीस अशा पोळ्यात हजारो माश्या असू शकतात. गवत कापण्याच्या यंत्राचा नुसता हादरा जमिनीत पोचला तरी त्या बाहेर पडतात. मातीचे घर लिंपणारी कुंभारीण माशी एकटी राहते आणि घराची राखणही करत नाही. ते घर खरवडून टाकले की काम संपते. अंगावर लव असलेल्या माश्या आणि मेणाचे पोळे दिसले तर त्या मधमाश्या असतात, त्यांच्यासाठी मधपाळाला बोलवावे.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय काहीच न करण्याचा, आणि तो वाटतो तितका आळशी नाही. जिथे हिवाळा कडक असतो तिथे थंडी पडताच सारी वसाहत मरते, फलित झालेल्या नव्या राण्या तेवढ्या आडोशाला दडून राहतात, आणि जुने पोळे सहसा पुन्हा वापरले जात नाही. शिवाय आपल्या अळ्यांना भरवण्यासाठी या माश्या बागेतील सुरवंट आणि घरमाश्या मारून नेतात. पोळे वापराच्या जागेपासून दूर असेल आणि घरात कोणाला डंखाची ॲलर्जी नसेल, तर मी तरी त्याला हात लावणार नाही. उबदार हवामानात मात्र थंडीवर भिस्त ठेवता येत नाही, कारण तिथे यलो जॅकेटची वसाहत वर्षभर टिकून पुढच्या वर्षी आणखी वाढू शकते.

स्वतः काढायचे ठरवले तर साबणाचे पाणी, फवारणी आणि धुरळणी असे तीन मार्ग उरतात. कीटक शरीराच्या बाजूंवरील छिद्रांतून श्वास घेतात. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण घटतो, पाणी त्या छिद्रांत शिरते आणि माशी गुदमरते. विषारी अंश मागे राहत नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की बाटलीची धार जेमतेम दोन-तीन मीटर जाते, म्हणून हा उपाय राणीने एकटीने नुकत्याच सुरू केलेल्या, मुठीपेक्षा लहान आणि उघड्या पोळ्यापुरताच धरावा. लांब धारेचे फवारे ५ ते ६ मीटरवरून मारता येतात आणि अंगावर पडताच माश्या कोसळतात. त्यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातील रसायन असते. ते पाण्यातल्या माशांना फार घातक असते आणि यांतील परमेथ्रिन मांजरांनाही सोसत नाही, म्हणून तळ्याजवळ किंवा पाळीव मांजर असलेल्या घरात आधी डब्यावरील सूचना वाचाव्यात. विस्तवाजवळ किंवा विजेच्या तारांजवळ फवारा मारूच नये.

दडलेल्या पोळ्यावर मात्र फवारणी फसते. तोंडाशी असलेल्या माश्या मरतात, वेष्टनाआडच्या वाचतात आणि चिडतात. तिथे धुरळणीच उपयोगी पडते: तोंडापाशी टाकलेली भुकटी ये-जा करणाऱ्या माश्यांच्या अंगाला लागते आणि त्याच ती आत नेतात. परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात आणि तोवर तोंड उघडे ठेवणे भाग असते. हे तोंड बुजवण्याची चूक मी स्वतः केली आहे. बाहेरच्या भिंतीचे भोक सिमेंटने बंद केल्यावर दोन रात्री आतून कागद चुरगाळल्यासारखा आवाज येत राहिला. तिसऱ्या दिवशी झोपायच्या खोलीतील जिप्समच्या भिंतीवर पेन्सिलीच्या टोकाएवढे छिद्र पडले आणि दुपारपर्यंत खिडकीच्या काचेवर पंधरा-वीस माश्या जमल्या. बाहेरची वाट बंद झाल्यावर त्यांनी पोखरून घरात वाट काढली होती. पोळे जाळणे किंवा बिळात पेट्रोल ओतणे यांचा विचारही करू नये, त्याने घर आणि जमीन दोन्ही धोक्यात येतात. आमिषाच्या सापळ्यांत अन्न शोधणाऱ्या माश्या अडकतात, पण पोळे तसेच राहते.

स्वतः हात घालणाऱ्याने काळोख पडल्यावरच जावे, कारण तेव्हा बहुतेक माश्या पोळ्यात असतात आणि गारव्याने मंदावलेल्या असतात. लाल रंग त्यांना नीट दिसत नाही, म्हणून विजेरीवर लाल कागद लावावा आणि ती हातात न धरता बाजूला ठेवावी. पोळ्याच्या थेट खाली उभे राहू नये, शिडीवर तर नाहीच, आणि परतीची वाट आधी मोकळी करावी. जवळ आलेली माशी चिरडू नये: तिच्या विषाच्या वासाने बाकीच्या चवताळतात, आणि एकच माशी अनेकदा डंख मारू शकते.

पोळे भिंतीत किंवा जमिनीत असेल, शिडीशिवाय हात पोचत नसेल किंवा घरात कोणाला पूर्वी डंखाने श्वास लागला असेल, तर कीडनियंत्रणाच्या जाणकाराला बोलवण्यातच शहाणपण आहे. त्याला कोणते रसायन वापरणार, माश्या पुन्हा दिसल्यास परत येणार का, आणि भिंतीतील पोळे बाहेर काढणार की आतच ठेवणार, हे आधी विचारून घ्यावे. डंखाच्या जागी सूज येणे स्वाभाविक आहे. पण अंगभर गांधी उठणे, घसा आवळणे किंवा भोवळ येणे यांपैकी काहीही दिसले, तोंडात वा घशात डंख बसला किंवा एकाच वेळी पुष्कळ डंख बसले, तर क्षणही न दवडता तातडीची वैद्यकीय मदत मागवावी.

काम झाल्यावर उघड्या पोळ्याचा देठही खरवडून टाकावा. बाहेर गेलेल्या काही माश्या एक-दोन दिवस त्या जागी घिरट्या घालतात, त्यांना घाबरून पुन्हा फवारण्याची गरज नसते. भिंतीतील भोक मात्र सलग २ दिवस भर दुपारी एकही माशी ये-जा करताना दिसली नाही, तरच बुजवावे.