परिमिती आणि ‘माहिती पुरेशी आहे का?’: आकडे घालून बघावं की समीकरण मांडावं?

सीसॅट (यूपीएससीसारख्या परीक्षांतला कल चाचणीचा पेपर) किंवा बँकेच्या परीक्षेत असा प्रश्न येतो: एक-दोन विधानं दिलेली असतात आणि त्यांवरून परिमिती एकच ठरते का, एवढंच सांगायचं असतं. तिथे दोन रीती वापरता येतात. विधानात बसणारे दोन वेगळे आकडे घालून परिमिती बदलते का ते बघायचं, नाहीतर सरळ समीकरण मांडायचं. निवडताना एवढं लक्षात ठेवा: आकडे घालून ‘पुरेसं नाही’ हे सिद्ध होतं, ‘पुरेसं आहे’ हे कधीच होत नाही.

आयत घ्या. विधान 1: क्षेत्रफळ 48. विधान 2: कर्ण 10. पहिल्यात 6×8 आणि 4×12 दोन्ही बसतात, परिमिती 28 आणि 32. विधान बाद, समीकरणाची गरजच पडली नाही. दुसऱ्यात मात्र 6 आणि 8 एवढीच जोडी सुचते आणि बरेच जण ‘पुरेसं’ म्हणून मोकळे होतात. बाजू पूर्णांकच आहेत असं कुठे दिलंय? कर्ण 10 असलेला चौरसही आयतच, आणि त्याची परिमिती 20√2, म्हणजे सुमारे 28.3. हेही बाद.

आता दोन्ही एकत्र. इथे समीकरणच हवं: (लांबी + रुंदी)² = कर्णाचा वर्ग + 2×क्षेत्रफळ = 100 + 2×48 = 196. बेरीज 14, परिमिती 28, माहिती पुरेशी. लांबी आणि रुंदी वेगवेगळी काढत बसू नका, परिमितीला बेरीज पुरते.

समीकरणातही एक खड्डा आहे. वर्गसमीकरण दिसलं की ‘दोन उत्तरं, म्हणून अपुरं’ असं ठरवलं जातं. ‘लांबी रुंदीपेक्षा 2 ने जास्त, क्षेत्रफळ 48’ यात रुंदी 6 किंवा −8 येते. ऋण बाजू नसते, म्हणून पुरेसं.

काही ठिकाणी मात्र दोन्हींच्या आधी आकृतीच बघावी. समद्विभुज त्रिकोणाच्या दोन बाजू 5 आणि 8 असतील तर परिमिती 18 किंवा 21, म्हणजे अपुरं. त्याच 4 आणि 9 असतील तर 4, 4, 9 हा त्रिकोण होतच नाही. परिमिती 22 च. तसंच, 12×7 च्या आयताचा कोपरा आयताकृती कापला, तर तुकडा कितीही मोठा असो, परिमिती 38 च राहते. खाच बाजूच्या मधोमध असेल तर मात्र खोलीच्या दुप्पट वाढते, आणि मग खोली दिल्याशिवाय उत्तर निघत नाही.