सगळे विचारत होते किम मरणार का? बेटर कॉल सॉल, सीझन ६

आधीच सांगतो, खाली स्पॉयलरच स्पॉयलर आहेत, ज्यांनी बघितलेलं नाही त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर मला शिव्या घालू नका. आणि ज्यांनी ब्रेकिंग बॅडच बघितलेलं नाही त्यांनी तर पळच काढा.

तर बेटर कॉल सॉल, म्हणजे ब्रेकिंग बॅडमधल्या सॉल गुडमन ह्या वकिलाची आधीची गोष्ट सांगणारी सिरीज (प्रीक्वेल), तिचा शेवटचा सीझन. १३ एपिसोड, एप्रिल २०२२ मध्ये सुरू, ऑगस्टमध्ये खेळ खल्लास, मधे सात आठवड्यांची गॅप. हा सीझन कसा आहे हे दोन वाक्यांत सांगता येतं (भारी आहे, बघा), पण खरी मजा अशी की ह्या सीझनआधी आणि चालू असताना फॅन लोकांनी जेवढ्या थिअऱ्या काढल्या तेवढ्या क्वचितच एखाद्या सिरीजवर निघाल्या असतील, आणि त्या थिअऱ्या हातात धरून सीझन परत बघितला की कळतं लेखकांनी नेमकं काय केलंय ते. म्हणून रिव्ह्यू त्याच अंगाने लिहितोय.

प्रीक्वेलचा प्रॉब्लेम सगळ्यांना माहितीये. सॉल, माइक, गस, हेक्टर हे ब्रेकिंग बॅडमध्ये आहेत म्हणजे इथे मरणार नाहीत, त्यांच्यावर कितीही बंदुका रोखा, आपला घाम काही निघत नाही. मग उरले कोण, तर किम (सॉलची वकील बायको), नाचो आणि लालो (दोघं ड्रग कार्टेलचे) आणि हॉवर्ड (मोठ्या लॉ फर्मचा वकील). हे चौघं ब्रेकिंग बॅडमध्ये दिसत नाहीत. झालं, म्हणजे हे मरणार, आता फक्त कोण कधी आणि कुणाच्या हातून एवढंच, असा हिशोब मांडून सगळे बसले आणि काथ्याकूट सुरू. ह्या थिअऱ्यांमधला दोष मला इथेच वाटतो. दिसत नाही म्हणजे मेला, हे गृहीतच मुळात आळशी आहे. ब्रेकिंग बॅडमध्ये आपण सॉलला बघितलं ते बहुतेक त्याच्या ऑफिसात, धंद्याच्या टायमाला. त्या माणसाला घर आहे का, घरी कोण आहे, हे आपल्याला कधी कुणी दाखवलंच नव्हतं.

पुरावा म्हणून सगळ्यांकडे एकच सीन होता. ब्रेकिंग बॅड सीझन २, एपिसोड ८, २००९ सालचा. वॉल्ट आणि जेसी (ब्रेकिंग बॅडचे दोन हीरो) तोंडं झाकून सॉलला उचलतात, वाळवंटात खड्ड्यापाशी गुडघ्यावर बसवतात, आणि हा घाबरून बरळतो की मी नाही, इग्नासिओने केलं, आणि मग विचारतो की लालोने पाठवलं नाही ना तुम्हाला? बास. दोन नावं. तेव्हा लेखकांनी सहज फेकलेली, पुढे प्रीक्वेल होईल हे कुणाच्या डोक्यातही नसताना. त्यावरून लोकांनी अख्खे महाल बांधले. इग्नासिओ म्हणजे नाचो, म्हणजे नाचो तेव्हा जिवंत असेल, वडलांना घेऊन कॅनडाला गेला असेल (त्याच्या तिजोरीत कॅनडाची खोटी ओळखपत्रं होतीच). आणि लालोची भीती वाटतेय म्हणजे लालो पण जिवंत, आणि तोच पुढे जाऊन जीनला (ब्रेकिंग बॅडनंतर खोट्या नावाने लपलेल्या सॉलला) शोधत येणार.

दोन्ही थिअऱ्या फुसक्या निघाल्या. नाचो तिसऱ्याच एपिसोडमध्ये गेला. पण कसा गेला बघा. एपिसोडची सुरुवात वाळवंटातल्या एका निळ्या फुलाने होते, पाऊस पडतोय, जवळच मातीत काचेचा तुकडा. तेव्हा काही कळत नाही. शेवटी त्याच काचेने हात सोडवून तो कार्टेलच्या बोल्साची बंदूक हिसकावतो आणि सगळ्यांना सुनावून स्वतःलाच गोळी घालतो. मारायला टपलेल्यांच्या हाती त्याने स्वतःचं मरण लागू दिलं नाही. हे कुठल्या थिअरीत होतं? कोण मारणार ह्यावर पैजा लागल्या होत्या, उत्तर निघालं कोणीच नाही.

लालोचं जास्त मजेशीर. तो आठव्या एपिसोडमध्ये मेला, गसच्या ड्रग्जच्या लॅबच्या जमिनीखाली पुरला गेला, विषय संपला. मग वाळवंटातल्या त्या सीनमध्ये सॉल मेलेल्या माणसाला का घाबरतोय? माझं म्हणणं, कारण सीझन ५ च्या शेवटी माइकने त्याला एकदा सांगितलं होतं की लालो मरणार, आणि त्यानंतर तो लालो त्याच्या घरात येऊन उभा राहिला. मग दुसऱ्यांदा तेच सांगितल्यावर कोण विश्वास ठेवेल? थिअरीवाल्यांनी त्या डायलॉगमधून शोधलं की लालो जिवंत आहे. सिरीजने उत्तर दिलं की तो जिवंत नाही, भीती जिवंत आहे. हे मला लय आवडलं राव, जुन्या सीनला हात न लावता त्याचा अर्थच फिरवला.

आणि मग हॉवर्ड. इथे सगळेच झोपले होते. जिमी (म्हणजे सॉलच, हे त्याचं खरं नाव) आणि किम मिळून त्याच्या करिअरची वाट लावणार इथपर्यंतच बहुतेकांची उडी. सातव्या एपिसोडच्या शेवटी तो दारू पिऊन ह्यांच्या फ्लॅटवर येतो, दोघांना खरंखुरं सुनावतो (आणि तो बरोबर असतो, हेच तर), मग मेणबत्तीची ज्योत हलते. फक्त ज्योत. दार उघडल्याचा आवाजही नाही. मागून लालो येतो. पुढच्या दोन मिनिटांत हॉवर्ड जमिनीवर. त्याला तर माहीतही नव्हतं की हा माणूस कोण. त्याच्या आधीच्या एपिसोडमध्ये तो बायकोसाठी कॉफी बनवतो, फेसावर नीट शांतीचं चिन्ह काढतो, आणि ती ती कॉफी सरळ प्रवासाच्या मगमध्ये ओतून निघून जाते. एवढा छोटा सीन, पण त्या माणसाबद्दल आपण पाच सीझन जे वाकडं बोललो ते सगळं घशात अडकतं. मेल्यावरही त्याच्या नावावर ड्रग्जचा डाग ठेवला गेला. तो पुरला गेला लालोच्याच खड्ड्यात, आणि वर लॅब. म्हणजे ब्रेकिंग बॅडमध्ये वॉल्टर व्हाइट ज्या फरशीवर उभा राहून माल बनवत होता तिच्याखाली हे दोघं. आता ते सीन परत बघून दाखवा.

शीर्षकांचं गुऱ्हाळ पण सांगितलं पाहिजे. सीझन २ मध्ये एपिसोडच्या नावांची पहिली अक्षरं उलटसुलट लावली की 'फ्रिंग्ज बॅक' असं निघत होतं, म्हणजे गस परत येतोय, आणि ते खरं ठरलं. तेव्हापासून लोकांना चटकच लागली. सीझन ६ ची नावं यायला लागली, 'वाइन अँड रोझेस', 'कॅरट अँड स्टिक', 'हिट अँड रन', सगळ्यांत 'अँड', आणि लोक परत अक्षरं जुळवायला बसले. काही निघालं नाही. पण नावं नीट बघा, नऊ एपिसोडपर्यंत प्रत्येक नावात दोन गोष्टी आणि मधे 'अँड'. नवव्या एपिसोडमध्ये किम जिमीला सोडून जाते. दहाव्याचं नाव 'निप्पी', एकच शब्द, आणि त्यानंतर 'अँड' परत कधी येत नाही. लेखकांनी मुद्दाम केलं का माहीत नाही, पण मला तरी कोडं अक्षरांत नव्हतं, त्या 'अँड'मध्ये होतं असंच वाटतं.

किमकडे येऊ, कारण अर्ध्या थिअऱ्या तिच्याच. तिला लालो मारणार, ती तुरुंगात जाणार, व्हॅक्यूमवाला एड (पैसे घेऊन लोकांना नवीन ओळख देणारा) तिला गायब करणार, ती ब्रेकिंग बॅडच्या काळात पडद्यामागे सॉलचं काम बघत असणार. आणि सगळ्यात आवडती, की ती मूळची नेब्रास्काची, जीन पण नेब्रास्कातल्या ओमाहात लपलाय, म्हणजे एक दिवस ती तो काम करतो त्या सिनाबॉन बेकरीच्या काउंटरसमोर येऊन उभी राहणार. ऐकायला एकदम गोड आहे पण हे नाटकी झालं असतं.

खरं काय झालं तर किम फ्लोरिडात. स्प्रिंकलर विकणाऱ्या कंपनीत नोकरी, साधेसुधे कपडे, ग्लेन नावाचा बॉयफ्रेंड, आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये मेयोनीज नसेल तर मिरॅकल व्हिप चालेल का ह्यावर गंभीर चर्चा. जी बाई कोर्टात समोरच्याला उभा आडवा सोलायची ती आता कुठल्याच गोष्टीवर स्वतःचं मत देत नाही. मारण्यापेक्षा ही शिक्षा वाईट, आणि ती तिने स्वतःला दिलीये. मग बाराव्या एपिसोडमध्ये ती अल्बुकर्कीला जाऊन हॉवर्डच्या बायकोला सगळं लिहून देते, आणि परत जाताना एअरपोर्टच्या बसमध्ये रडायला लागते. कॅमेरा हलत नाही, कट नाही, आधी ओठ थरथरतात, मग ती सावरते, मग सगळा बांधच फुटतो, शेजारची अनोळखी बाई तिच्या हातावर हात ठेवते. रिया सीहॉर्नने हे केल्यावर पण एमी (अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार) नाही. ह्या अख्ख्या सिरीजला एमीची ५३ नामांकनं आणि जिंकली किती, तर शून्य. ह्यावर कुणीतरी थिअरी काढा.

जेफचं बघा आता. ओमाहातला टॅक्सीवाला जो जीनला ओळखतो. त्याच्यावर काय काय रचलं लोकांनी, तो सालामांकांचा (लालोच्या घराण्याचा) माणूस, पोलिसांचा माणूस, कोणी सूड घ्यायला आलेला. निघाला काय, एक कंटाळलेला माणूस ज्याला थोडी चोरीमारी शिकायची होती. (नटही बदलला, डॉन हार्वीच्या जागी पॅट हीली, पहिल्यांदा बघून मला वाटलं दुसराच कोणीतरी आहे.) आणि सॉल गुडमनला पकडून दिलं कोणी? कार्टेल नाही, डीईए (अमेरिकेचं ड्रग्जविरोधी खातं) नाही, जेफच्या आईने. लॅपटॉपवर आस्क जीव्ह्जमध्ये दोन शब्द टाकून त्याची जुनी जाहिरात शोधली म्हातारीने. जीन टेलिफोनची वायर हातात ताणून तिच्या अंगावर जातो, आणि ती म्हणते की मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता. तो थांबतो. आई झालेल्या कॅरल बर्नेटने तो सीन खाल्लाय.

त्याच सीनमध्ये रंगाची थिअरी पण आहे. जीनचा भाग ब्लॅक अँड व्हाइट, तर तो परत जिमी झाला की रंग येणार अशी लोकांची पक्की खात्री. आला, पण चष्म्याच्या काचेत जाहिरातीचं प्रतिबिंब तेवढं रंगीत, आणि शेवटच्या एपिसोडमध्ये लायटरची ज्योत. बाकी सगळं तसंच करडं. एवढा हात आखडता घेतला म्हणून तर ते लागतं.

आता थोडी टीका. पहिल्या भागात हॉवर्डला अडकवायचा प्लॅन फार ताणलाय, प्रत्येक एपिसोडमध्ये नवीन सोंग, आणि लालो जर्मनीत काय करतोय हे बघताना मी दोनदा फोन हातात घेतला. 'निप्पी' मधली मॉलची चोरी मस्त आहे पण शेवटून चौथ्या एपिसोडला? त्या वेळी थोडा राग आलाच. वॉल्ट-जेसी येणार हे आधीच जाहीर करून टाकलं होतं त्यामुळे सरप्राइज गेलं, आणि ॲरन पॉल विशीतला जेसी वाटत नाही, कितीही टोपी घाला. पण त्या आरव्हीमधल्या (राहायच्या मोठ्या गाडीतल्या) सीनला एक गोष्ट माफ, जेसी सॉलला सहज विचारतो, लालो कोण? आणि सॉल म्हणतो, कोणी नाही. लोकांनी तेरा वर्षं ज्या नावावर डोकं खाजवलं त्याचं उत्तर हे.

फिनालेबद्दल सगळ्यांची थिअरी एकच, मरेल किंवा पळेल. तो मरत नाही, पळत नाही, उलट बोलबच्चन करून जन्मठेपेवरून साडेसात वर्षांवर आणतो, वर पुदिन्याचं आइस्क्रीम मागतो, आणि मग किम कोर्टात बसलेली असताना उभा राहून सगळं कबूल करतो, अगदी भाऊ चकच्या विम्याचं सुद्धा, जे कोणी विचारलंही नव्हतं. ८६ वर्षं. काही लोकांना हे फार साळसूद वाटलं, मला नाही. हा माणूस सहा सीझन लोकांना शेंडी लावून जिंकत आला, त्याला हरवायला दुसरा कोणी लागणारच नव्हता.

फिनालेनंतरही लोक थांबलेले नाहीत. आता नवीन, की किम फ्लोरिडात मोफत कायदा सल्ल्याच्या ऑफिसात जायला लागली म्हणजे ती परत वकिली करणार, त्याची केस उघडणार, चांगल्या वागणुकीवर सुटका वगैरे. तोच तिला तुरुंगातल्या भेटीत म्हणतो ना, चांगलं वागलो तर काय सांगावं. अरे तो जोक आहे. तिला आत यायला जुनं वकिलाचं कार्ड वापरावं लागलं, त्यावर मुदत लिहिलेली नव्हती म्हणून जमलं, एवढंच. मला ही थिअरी पटत नाही, आणि ह्याच्यावर अजून एक सीझन कोणी काढू नये अशी माझी हात जोडून विनंती.

बघायचं असेल तर आधी ब्रेकिंग बॅड पूर्ण, मग हे पहिल्यापासून, उलट क्रम नको, सीझन ६ चा शेवटचा भाग अजिबात कळणार नाही. आणि थिअरी व्हिडिओ सगळं संपल्यावर बघा, तेव्हा ते जास्त करमणूक करतात. मला विचाराल तर ५ पैकी ४.५, अर्धा मार्क जर्मनीचा कापला.