पोटाच्या ऑपरेशननंतरचं दुखणं: पाठीतली नळी, पोटाचा ब्लॉक की टाक्यांतलं इंजेक्शन?

भुलीच्या तपासणीला आलेले नातेवाईक मला पुष्कळ विचारतात. शुद्धीवर कधी येतील, उलट्या होतील का, पाणी कधी द्यायचं. पहिल्या दोन रात्रींचं दुखणं कसं आटोक्यात ठेवणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. ऑपरेशन म्हटलं की दुखणारच, असं सगळे धरून चालतात. तसं धरू नका. पोट दुखत असलं की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकायला घाबरतो, छातीत कफ साठतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. वॉर्डात श्वासाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचं यंत्र देतात. पोट धरून बसलेल्या पेशंटचा पहिला चेंडूही जेमतेम थरथरतो. दुखणं उतरलं की तोच माणूस दुसरा चेंडू वर नेऊन धरतो.

मॉर्फिन, फेंटॅनिल ही जोरदार औषधं आहेत, पण त्यांनी मळमळतं, गुंगी येते, आतडी सुस्तावतात. ती कमी लागावीत म्हणून बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन देऊन तेवढाच भाग बधिर करतात. औषध तेच, ते कुठे सोडायचं एवढाच प्रश्न. त्याआधी एक लक्षात घ्या: पोटाचं दुखणं दोन थरांतलं असतं. एक कापलेल्या कातडीचं आणि स्नायूंचं, दुसरं आतल्या अवयवांचं.

दोन्ही थरांवर चालते ती एपिड्यूरल, म्हणजे पाठीच्या मणक्यांमधून घातलेली बारीक नळी. तिच्यातून दोन-तीन दिवस औषध चालू ठेवता येतं. बरगड्यांखालपासून बेंबीच्या खालपर्यंत मोठा उभा छेद असेल, आतड्याचं किंवा जठराचं उघडं ऑपरेशन असेल, फुप्फुसं आधीच कमजोर असतील, तर मी अजूनही तिच्याच बाजूने आहे. पण तिची किंमत मोजावी लागते. रक्तदाब उतरतो, लघवी अडते, कधी पाय जड होतात. नळी जरा सरकली तर एकच बाजू बधिर राहते. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी काही दिवस बंद ठेवावी लागते, कारण मणक्यात रक्त साचलं तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. हे फार क्वचित घडतं, पण घडलं तर दर तास मोलाचा असतो. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो: रात्री दोन वाजता पेशंटचा रक्तदाब आणि पायांची ताकद कोण बघणार? तिथे नीट उत्तर नसेल, तर नळी कितीही उत्तम असो, मी ती घालत नाही.

दुसरा पर्याय टॅप ब्लॉक: बधिर करणारं हे इंजेक्शन पाठीत नाही, पोटाच्या भिंतीत देतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर स्नायूंचे तीन थर दिसतात. सुई आतल्या दोन थरांमध्ये नेऊन औषध सोडलं की ते थर एकमेकांपासून अलगद सुटतात आणि मध्ये काळी फट उघडते. ती फट दिसली की सुई जागेवर आहे. दोन्ही कुशीत एकेक टोचणं आणि साधारण अर्धा दिवस आराम. रक्तदाब सहसा उतरत नाही, पाय मोकळे राहतात, पेशंट त्याच संध्याकाळी उठून बसतो. मात्र आतल्या अवयवांचं दुखणं यात जात नाही, त्यासाठी सलाइनमधून वेगळं औषध लागतंच. बेंबीखालच्या ऑपरेशनला, म्हणजे गर्भपिशवी किंवा हर्निया, हा छान चालतो. सिझरमध्ये पाठीतल्या भुलीसोबत मॉर्फिन दिलेलं असेल, तर ब्लॉकने फारशी भर पडत नाही. तिथे त्याचा आग्रह धरू नका.

लहान गावांत एक अडचण येते. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते आणि ते मनाला येईल तिथे नेता येत नाही. कायदा हवाच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण चार दवाखान्यांत फिरणाऱ्या भूलतज्ज्ञाला प्रत्येक ठिकाणी मशीन मिळेलच असं नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनात कॅमेऱ्यातून बघत सर्जनही हा ब्लॉक देऊ शकतात. तसं विचारून ठेवा.

तिसरा पर्याय सगळ्यांत साधा: टाके घालताना सर्जन जखमेच्या कडांना इंजेक्शन देतात. जास्तीचा खर्च नगण्य, मशीन नको, पण परिणाम सहा-आठ तासांचा. दुर्बिणीतून पित्ताशय काढलं असेल तर बहुतेकदा एवढं पुरतं. त्या ऑपरेशननंतर खांदा का दुखतो म्हणून लोक घाबरतात. पोटात भरलेल्या वायूने छाती आणि पोट यांच्यामधला पडदा ताणला जातो आणि ती कळ खांद्यात जाणवते. टाक्यांतल्या इंजेक्शनने ती जात नाही, दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरते.

ब्लॉक आणि टाक्यांतलं इंजेक्शन दोन्ही द्यायचं असेल तर औषधाचा हिशेब एकत्र धरावा लागतो. बुपिव्हाकेन वजनाच्या दर किलोला २ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सगळं मिळून साधारण १२० मिलिग्रॅम. म्हणून पेशंटचं वजन अंदाजे सांगू नका, काट्यावर करून या. तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूची चव, कानात गुणगुण असं काही वाटलं तर लगेच सिस्टरना हाक मारा.

आणि घड्याळ बघा. सकाळी अकराला दिलेला ब्लॉक मध्यरात्रीच्या सुमाराला उतरतो, नेमका वॉर्डात सगळे पेंगत असताना. बधिरपणा असेपर्यंत पेशंट म्हणतो, "काही दुखत नाही, औषध नको." ऐकू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेलं पॅरासिटामॉल ठरल्या वेळेला गेलंच पाहिजे. रात्री दहाला सिस्टरना एकदा विचारून घ्या, पुढचा डोस किती वाजता आहे.