१९५७ची शेव्हरोले: वन-फिफ्टी, टू-टेन की बेल एअर? काही महिने चालवल्यानंतर

बेल एअरची सोनेरी जाळी आणि मागच्या पंखांवरचा रेघारेघांचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा थोडा वेळ विसरा. वन-फिफ्टी, टू-टेन आणि बेल एअर या १९५७च्या शेव्हरोलेच्या स्वस्त ते महाग अशा तीन श्रेणी. तिन्ही गाड्या जॅकवर चढवून खालून बघा, कोणती कोणती ते सांगता येणार नाही. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) तिन्हींचा ११५ इंच, पुढच्या सस्पेन्शनला बॉल जॉइंट, मागे पाटे, चारही चाकांना ११ इंची ड्रम. सहा सिलिंडरच्या २३५ इंजिनापासून (हा आकडा घन इंचांचा) फ्यूएल इंजेक्शनच्या २८३पर्यंत कोणतंही इंजिन कोणत्याही श्रेणीत मागवता येत होतं. सर्वांत स्वस्त वन-फिफ्टीच्या दोन दारी टपात (म्हणजे बॉडीत) इंजेक्शनवालं इंजिन बसवून शर्यतीसाठी तयार केलेल्या 'ब्लॅक विडो' गाड्या याच वर्षीच्या.

मग पैसे कशाचे? सहा सिलिंडरची चार दारी सेडान वन-फिफ्टीत २,०४८ डॉलरला होती, टू-टेनमध्ये २,१७४ आणि बेल एअरमध्ये २,२९०. म्हणजे प्रत्येक पायरीला सव्वाशेच्या आसपास, आणि ते जवळजवळ सगळे सजावटीचे. वन-फिफ्टीत खाली रबरी मॅट, चालकापुरता एक सनव्हायझर, सिगारेट लायटर नाही. टू-टेनमध्ये दुसरा व्हायझर, लायटर, आर्मरेस्ट आणि बरं कापड. बेल एअरमध्ये गालिचा, विजेवरचं घड्याळ आणि स्टिअरिंगला पूर्ण हॉर्न रिंग. रोजच्या वापरात यातल्या आर्मरेस्टची आणि दुसऱ्या व्हायझरची उणीव खरी जाणवते; घड्याळाची मुळीच नाही. आणि पावसाळी दिवसांत रबरी मॅट गालिच्यापेक्षा बरी, कारण पाणी तिच्यावर दिसतं. गालिच्याखाली ते मुरतं आणि फ्लोअरचा पत्रा गुपचूप खातं.

माझं मत टू-टेनच्या बाजूचं आहे, त्यातही डेलरे मिळाली तर उत्तम. डेलरे म्हणजे टू-टेनचीच दोन दारी सेडान, पण आत पूर्ण व्हिनाइल आणि खाली गालिचा. उन्हात उभी केलेली डेलरे बसायला तव्यासारखी असते हे मान्य.

श्रेणीपेक्षा टपाचा प्रकार कितीतरी जास्त महत्त्वाचा. खांबवाली सेडान आणि बिनखांबाची हार्डटॉप चालवताना वेगळ्याच गाड्या वाटतात. हार्डटॉपला दाराच्या काचेभोवती चौकट नाही. काच थेट वरच्या रबरावर टेकते. रबर कडक झालं किंवा काचेचं सेटिंग जरा हललं की ताशी ८० किलोमीटरपुढे शिट्टी सुरू होते आणि पावसात पाणी मांडीवर. नुसतं रबर बदलून भागत नाही. आधी दाराचे बिजागर, मग काचेचे वरचे स्टॉप आणि मगच रबर, असा क्रम पाळावा लागतो. खांबवाल्या टू-टेनला हा जाच नाही, टपही जास्त ताठ. कन्व्हर्टिबलच्या चेसिसला मुद्दाम वेगळा एक्स आकाराचा आडवा आधार दिलेला असतो, तो याच कारणाने.

इंजिनांपैकी १४० अश्वशक्तीचं २३५ संथ पण सोशिक. शहरात आणि सपाट रस्त्यावर पुरतं. २८३ दोन बॅरल कार्ब्युरेटरवर १८५ अश्वशक्ती देतं, चार बॅरलवर २२०. प्लगचा गॅप ०.०३५ इंच, इग्निशनचे पॉइंट नवे असतील तर ०.०१९, वापरलेले असतील तर ०.०१६, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ३० अंशांच्या आसपास. फिल्टर धरून तेल पाच क्वार्ट, म्हणजे पावणेपाच लिटर. गिअरबॉक्स स्वयंचलित हवा असेल तर दोन गिअरचा पॉवरग्लाइड घ्या. दुसरा स्वयंचलित, टर्बोग्लाइड, चालताना लोण्यासारखा, पण बिघडला की त्याला हात लावणारा मिस्त्री शोधत फिरावं लागतं.

५५ किंवा ५६ची गाडी बघत असाल तर २६५ इंजिनाच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. ५५च्या ब्लॉकमध्ये तेलाच्या फिल्टरची सोयच नाही. बाहेरून लावायचा फिल्टर ऐच्छिक होता. दुसरी गोष्ट महागात पडते. ५५-५६च्या ब्लॉकला मागच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर) खाच असलेलाच कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारा दांडा, लागतो, कारण वरच्या भागाकडे जाणारं तेल त्या खाचेतून जातं. ५७पासून ही वाट ब्लॉकमध्येच केली. नंतरचा साधा कॅम जुन्या ब्लॉकमध्ये घातला तर इंजिन सुरू होतं, प्रेशर गेजही ठीक दाखवतो, आणि वरचे व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर मात्र कोरडे घासत राहतात.

ब्रेकच्या बाबतीत मात्र तडजोड नको. मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा आहे. कुठल्याही एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक गेले. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवणं हा पहिला खर्च, रंगकाम नंतर. वायपर मूळचे व्हॅक्यूमवर चालणारे. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की नेमके तेव्हाच मंदावतात. विजेवरचे तेव्हाही जादा पैशांत मिळत, आजही सहज बसतात. टायर ५७ला १४ इंची आहेत, आधीच्या दोन वर्षांना १५ इंची; रेडिअल लावायचे तर २०५/७५ आर १४ चालतात. पुढच्या जोडांना दर हजार मैलांनी ग्रीस. आणि पेट्रोलचं झाकण डाव्या पंखाच्या मागच्या क्रोम पट्टीआड लपलेलं आहे, पंपावर दर वेळी दाखवून द्यावं लागतं.

गंज ठरावीक जागी येतो: हेडलाइटच्या वरच्या भुवईत चिखल साचतो तिथे, पुढच्या चाकामागे फेंडरच्या तळाशी, दाराखालच्या रॉकर पॅनेलमध्ये, फ्लोअरच्या आडव्या पट्ट्यांत आणि डिकीच्या दोन्ही कडांच्या खळग्यांत. बेल एअरला यात भर म्हणजे क्रोमच्या पट्ट्या. प्रत्येक क्लिपमागे पत्र्याला एक भोक आहे. वन-फिफ्टीला पट्टी आखूड, म्हणून भोकंही कमी. दोन दारी गाड्यांचा जवळजवळ सगळा पत्रा आज नवा मिळतो. चार दारीच्या मागच्या दारांसाठी मात्र जुनी गाडीच शोधावी लागते. चार दारी स्वस्त दिसते त्यामागे हेही कारण आहे.

भारतात या गाड्या थोड्याच दिसतात. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा मुंबईतला शिवडीचा कारखाना १९५४मध्येच बंद झाला, त्यामुळे ५५ ते ५७ची मॉडेल्स तिथे जुळवली गेली नाहीत. उजव्या स्टिअरिंगच्या ५७मध्ये डॅशबोर्ड ५५च्या धाटणीचा दिसला तर बिचकू नका. निर्यातीच्या गाड्यांना तोच बसवत.

विकत घेताना टू-टेनची बेल एअर केलेली नाही ना, हे तपासायला दहा मिनिटं पुरतात. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर गाडीच्या क्रमांकात वर्षाच्या आकड्याआधीची अक्षरं पाहा: ए म्हणजे वन-फिफ्टी, बी म्हणजे टू-टेन, सी म्हणजे बेल एअर, त्याआधी व्ही असेल तर कारखान्यातून व्ही-आठ इंजिनासह निघालेली. या क्रमांकावरून टपाचा प्रकार कळत नाही. त्यासाठी बॉनेट उघडून फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची) पट्टी वाचा: १०३७डी म्हणजे बेल एअरची दोन दारी हार्डटॉप, १०११डी खांबवाली, १०६७डी कन्व्हर्टिबल. शेवटचं डी नसेल आणि बाहेर सोनेरी जाळी असेल तर भाव त्याप्रमाणे पाडा. रेडिएटर त्याच्या चौकटीच्या पुढे बसवलेला असेल तर गाडी बहुधा मुळात सहा सिलिंडरची, कारण ते इंजिन लांब आहे. व्ही-आठला तो चौकटीच्या मागे असतो. ब्लॉकच्या बाजूंना माउंटची भोकं दिसली तर ब्लॉक ५८ किंवा त्यानंतरचा. आणि 'इंजिनाचा नंबर गाडीशी जुळतो' असं विक्रेता छातीठोकपणे म्हणाला तर त्याला तो नंबर दाखवायला सांगा: ५७च्या व्ही-आठवर कारखान्याचं अक्षर, तारीख आणि प्रकाराचा कोड एवढंच ठोकलेलं असतं, गाडीचा क्रमांक नसतोच.